प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर

"मॅडम, बायबल उघडलं की शांती मिळायच्या ऐवजी छातीत धडधड होते, माझा विश्वासच खोटा आहे का?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एका ताईची गोष्ट सांगतेच, तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.

मूळची नगरकडची, नवरा वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, म्हणून वास्कोला राहायला, चर्च मराठीच. पाच महिने झाले, प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या) रविवारी मागच्या बाकावर बसायची आणि ताट आलं की न घेता पुढे द्यायची. कारण १ करिंथ ११:२७, म्हणजे बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन, अयोग्य रीतीने खाल तर दोषी ठराल, हे लहानपणी कुणीतरी दटावून सांगितलेलं ते मनात बसलेलं. रोज रात्री वहीत पापं लिहायची, मुलावर ओरडले, सीरियल बघितली, प्रार्थनेत झोप लागली, असं दोन-दोन तास.

मी म्हटलं, ताई, पुढचं वचन वाचा. वाचलं तिने, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. "मग खावं" यावर थांबली, परत वाचलं. खाऊ नका असं पौल म्हणतच नाही हो! आणि तो रागावलाय कशावर तेही जरा वर, २१ मध्ये आहे, करिंथात काही जण आधीच खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे आणि बाकीचे उपाशी राहायचे. म्हणजे विषय आपण एकमेकांशी कसं वागतो हा आहे.

इथे ती गप्प झाली आणि बऱ्याच वेळाने जावेचं निघालं. सासूच्या आजारपणात पैशांवरून वाजलेलं, दोन वर्षं बोलणं बंद, आणि एवढ्या भरलेल्या वहीत जाऊ एकदाही नव्हती. हे मी खूपदा बघते, बारीकसारीक चुकांची यादी वाढत जाते आणि खरं बोचणारं खाली दबून राहतं.

वही बंद करायला लावली. स्तोत्र १३९ रोज सावकाश वाचायचं, दहा मिनिटं, जास्त नाही. त्यात पहिल्याच ओळीला देव मला ओळखून आहे असं येतं आणि माझी झडती घे ही विनवणी थेट २३ व्या वचनात, म्हणजे झडती घेणारा तो, आपण नाही. सुरुवात आभाराने करा म्हटलं, कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणातही पहिली पायरी तीच आहे. ती म्हणाली आमच्यात हे नसतं, मी म्हटलं नसू दे, पण १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला त्यांनाही हाच त्रास झाला होता, पापांची कबुली देऊन देऊन मन शांतच होईना.

एक मात्र कळकळीने सांगते. तासन् तास तेच तेच, झोप उडालेली, माफी मागून पुन्हा तीच माफी, असं असेल तर तो ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार असू शकतो, विश्वास कमी असल्याची खूण नव्हे. हिला मी बांबोळीला मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, पाळकसाहेबांनाही तिनेच सांगितलं.

जावेने दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, सासूच्या गुडघ्यांवर चार मिनिटं बोलल्या, बस. पैशाचं अजून तसंच आहे. पण पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा हिने भाकरी घेतली, हात थरथरत होता म्हणाली.