तुमचे प्रश्न, फादरांची उत्तरं: व्हेंटिलेटर नको म्हटलं तर पाप लागतं का?

प्रश्न: फादर, पप्पा 78 वर्षांचे आहेत, फुफ्फुसाचा कॅन्सर लिव्हर आणि हाडांत पसरलाय. डॉक्टर म्हणतात आता बरं करणारा उपचार नाही, श्वास खालावला तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही ते आत्ताच ठरवून सही द्या. भाऊ कुवेतहून फोनवर ओरडतो की सगळं करायचं, पैसे मी पाठवतो. पप्पा शुद्धीत आहेत, काल पेज मागून अर्धी वाटी खाल्ली. मी ‘नको’ वर सही केली तर देवाची आज्ञा मोडली असं होईल का?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर: ताई, नाही होणार. ‘खून करू नको’ ही आपली पाचवी आज्ञा (बहुतेक प्रॉटेस्टंट बांधवांच्या मोजणीत ती सहावी येते, असो) त्या सहीने मोडत नाही. हे मी मनाचं सांगत नाहीये. 1957 च्या नोव्हेंबरात भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी पोप पायस बारावे यांना श्वासाच्या मशीनबद्दल हेच विचारलं होतं आणि पोप म्हणाले की जीव सांभाळायला नेहमीचे उपाय करणं कर्तव्य आहे, पण पेशंटला किंवा घरच्यांना फार जड जाणारा उपाय केलाच पाहिजे असं बंधन नाही. 1980 मध्ये व्हॅटिकनने तेच पुन्हा सांगितलं आणि घरच्यांवर खर्चाचा भार नको हे कारणही चालतं असं स्पष्ट लिहिलं, तेव्हा आयसीयूच्या बिलाचा विचार मनात आला म्हणून स्वतःला पापी समजू नका.

मात्र एक गल्लत होते, मी खूप घरांत बघितलीय. ‘या उपचाराचा पप्पांना काय उपयोग?’ आणि ‘पप्पांचा आता काय उपयोग?’ ही वाक्यं कानाला सारखीच लागतात. पहिलं विचारायलाच हवं, दुसरं ख्रिस्ती माणसाच्या तोंडी येऊच नये, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे आणि अंथरुणाला खिळला म्हणून ते प्रतिरूप पुसट होत नाही. म्हणूनच इंजेक्शन देऊन सोडवा हो, असं कुणी कळवळून म्हटलं तरी चर्च त्याला हो म्हणत नाही. पण दुखणं कमी करायला मॉर्फिन देतात ते वेगळं, हेतू वेदना थांबवायचा असेल तर त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी चालतं, हेही पायस बाराव्यांनी त्याच वर्षी सांगून ठेवलंय. तेव्हा मॉर्फिनला घाबरून पप्पांना कण्हत ठेवू नका.

खाणंपिणं मात्र बंद करायचं नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हल्ल्यानंतर भान हरपलेल्या नर्स अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत, जवळपास 42 वर्षं होत्या, नर्सेसनी त्यांना भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली आणि इतक्या वर्षांत एक बेडसोअर होऊ दिलं नाही. मला तर त्यांच्या इच्छामरणाच्या कोर्टकेसपेक्षा त्या नर्सेस जास्त आठवतात. पप्पा पेज मागतात तोवर द्या, शेवटी शेवटी शरीरच घेत नाही तेव्हा कोंबू नका, ओल्या कापसाने ओठ पुसत राहा.

आणि एक विचारू का, रागावू नका. तुम्ही, भाऊ, डॉक्टर सगळे सहीबद्दल बोलताय, पप्पांना कुणी विचारलं? ते शुद्धीत आहेत ना! 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे माणसाने शुद्धीत असतानाच लिहून ठेवणं, मान्य केलंय, 2023 पासून तर दोन साक्षीदार आणि नोटरी एवढ्यावर भागतं. भावाला डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर थेट बोलू द्या. लांब राहणाऱ्या मुलाला जवळ नसल्याचं टोचत असतं म्हणून तो ओरडतो, तुमच्यावरचा राग नाहीये तो. घरी झेपत नसेल तर बांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, 1986 पासून, भारतातलं पहिलं हॉस्पिस (बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं घर), तिथे विचारून बघा.

आणि तुमच्या पॅरिशच्या फादरांना याच आठवड्यात घरी बोलवा. आजाऱ्यांना तेल लावायचा संस्कार अगदी शेवटच्या घटकेसाठी असतो असं समजून लोक थांबतात आणि मग माणूस बेशुद्ध, ना कन्फेशन (पापांची कबुली) ना कम्युनियन (पवित्र भाकर). पप्पा पेज गिळतायत तर कम्युनियनही घेतील.