जुन्या एन९०० वर आजचं लिनक्स चालेल का?

प्रश्न: दादाचा नोकिया एन९०० कपाटात पडून आहे, त्यावर नवीन लिनक्स टाकता येईल का, टाकताना फोन कायमचा बंद तर नाही ना पडणार?

उत्तर: येईल की! २००९चं मशीन, मुळात माएमो हे लिनक्सच घेऊन आलेलं, त्यामुळे आधी यू-बूट (फोन सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची ते ठरवणारा छोटा प्रोग्राम) टाकून घ्या आणि मग माएमो लेस्टे (माएमोचाच आजचा नवा अवतार) मेमरी कार्डावरनंच चालवा, आतलं जुनं माएमो तसंच राहतं. रॅम फक्त २५६ एमबी, आजच्या जड वेबसाइट्सच्या नादाला लागू नका. पण टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून लॉगिन), नोट्स यासाठी तो सरकता कीबोर्ड म्हणजे खरंच सुख! रोजच्या कॉलसाठी दुसरा फोन ठेवा. आणि हो, बॅटरी फुगली असेल तर आधी ती बदला, बीएल-५जे मागा.