संथ सी हॉकनं लढाई कशी मारली?

(विमानांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना नौदलातले एक निवृत्त विमान-मेकॅनिक उत्तरं देतात.)

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाटानं गोव्याला गेलो होतो, तेव्हा डाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक बघितलं. यानं १९७१ साली चितगाववर हल्ले केले, असं तिथं कळलं. अकरावीतला माझा मुलगा म्हणतो, आवाजापेक्षा हळू उडणाऱ्या विमानानं कसली लढाई केली असणार! खरं काय? आणि एवढं लढलेलं विमान बाद का केलं?
– एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, मुलगा वेगाबद्दल बरोबर बोलतोय. सी हॉक ताशी हजार किलोमीटरच्या आतलंच. ब्रिटिश नौदलानं तर १९६० सालीच ते पहिल्या फळीतून काढलं होतं, आणि त्याच वर्षी आपल्या नौदलाची ३०० क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, त्याच विमानांवर उभी राहिली.

पण गाठ कुणाशी होती, ते बघा की. पूर्व पाकिस्तानात शत्रूकडं सेबर जेटची एकच स्क्वाड्रन होती, तीही ढाक्यात. सेबरसुद्धा सरळ उड्डाणात आवाजाच्या आतलंच. आपल्या हवाई दलानं ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडली आणि ती स्क्वाड्रनही जमिनीवर बसली. मग उरली बंदरं, तेलाच्या टाक्या, धावपट्ट्या, बोटी. त्यांच्यावर खाली येऊन नेम धरायला सी हॉक उत्तम. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटं. ४ डिसेंबरला सकाळी कॉक्स बाजार, दुपारी चितगाव, पुढं खुलना, मोंगला. लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांच्या विमानाला खालून गोळ्या लागल्या, तरी ते परत आणून आपल्या विमानवाहू जहाजावर, विक्रांतवर, उतरले. त्यांना महावीर चक्र मिळालं. शत्रूच्या माऱ्यानं एकही सी हॉक पडलं नाही.

खरी अडचण विमानात नव्हती, जहाजात होती. जहाज चालवायला वाफ करणाऱ्या विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. विमान डेकवरून सुटायला समोरून वारा लागतो. तो नसेल तर जहाजानंच वाऱ्याच्या तोंडाला पळायचं. बॉयलर अधू म्हटल्यावर पळणार किती? त्यातून उड्डाणं काढली, याचं श्रेय मी वैमानिकांच्या बरोबरीनं इंजिनरूमला देतो. आपल्या बेळगाव भागात १९७१ म्हटलं की जमालपूरला लढलेली मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण आठवते, ते रास्तच. पण त्याच वेळी समुद्रावरून काय चाललं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

आता शेवटची वर्षं. मी डाबोळीत होतो तेव्हा उडणाऱ्या विमानांपेक्षा शेडमधल्या विमानांची काळजी जास्त. कारखान्यातलं उत्पादन कधीच बंद पडलेलं. साठच्या दशकात पश्चिम जर्मनीनं बाद केलेली २८ विमानं आपण घेतली, त्यावर बरीच वर्षं निभावलं. नंतर एकाचा पंप काढून दुसऱ्याला, दुसऱ्याची नळी तिसऱ्याला. हे फार काळ चालत नाही. धातूला थकवा येतो, आणि उतरताना डेकवरच्या दोरीला हूक अडकून थांबण्याचा दणका प्रत्येक वेळी सांगाड्यालाच बसतो. १९७८ला ती पहिल्या फळीतून निवृत्त झाली. बाद केली ते योग्यच झालं. माझं तर मत आहे की दोन वर्षं आधी केली असती तरी चाललं असतं. पण नवी विमानं, सी हॅरियर, डाबोळीला आली १९८३च्या डिसेंबरात. मधली पाच वर्षं विक्रांतला लढाऊ जेट नव्हतं. याचा राग मला अजून आहे.

मुलाला पुन्हा तिकडं नेलंत तर एक दाखवा. शेपटीत जेटचं भोक शोधू दे; तिथं ते सापडणार नाही. इंजिनाचा झोत दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर काढलाय, म्हणून मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा झाली. तिथंच मागं खाली हूकही दिसेल.