उपग्रहाच्या चित्रात वणव्याचा धूर आणि वाऱ्याने उडालेली धूळ वेगळी कशी ओळखायची?

आधी नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा, फुकट आहे. २३ जानेवारी २०२२ ही तारीख निवडून अरबी समुद्र बघा. त्या दिवशी पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती. निळ्या समुद्रावर धूळ पिवळट-तपकिरी दिसते. धूर राखाडी, किंचित निळसर असतो आणि त्याचं मूळ सापडतं. आगीच्या लाल ठिपक्यांचा थर चालू केलात की लोट नेमका तिथूनच निघालेला दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाबवर हे करून बघा.

खरी पंचाईत वाळवंटावर होते. खाली वाळू, वर धूळ, रंग एकच. तिथे साधा फोटो सोडा आणि अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणारी) चित्रं घ्या. साधारण ११ आणि १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यांमधला फरक काढून बनवलेल्या 'डस्ट आरजीबी' या कृत्रिम रंगांच्या चित्रात धूळ गुलाबी-जांभळी उठून दिसते, रात्रीसुद्धा. मेटिओसॅट या युरोपीय हवामान उपग्रहांची अशी चित्रं दर १० ते १५ मिनिटांनी येतात. त्यामुळे लोट कुठे सरकतोय ते कळतं. धुराचे कण मात्र इतके बारीक की अवरक्तात तो जवळजवळ पारदर्शक. रात्री धूर शोधत बसू नका.

आणखी एक: उपग्रह वरून पाहतो, नाकाजवळची हवा नाही. धूर दोन-तीन किलोमीटर उंचीवरून निघूनही गेला असेल. म्हणून जमिनीवरच्या केंद्राचे आकडे जोडीला हवेतच. पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) एकदम उसळला आणि पीएम २.५ (त्यातले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) त्या मानाने कमी वाढला, तर बहुधा धूळच.