दालनात चालते, मग घरी का अडते?

प्रश्न : संगणक प्रदर्शनांविषयी आपण या सदरात वेळोवेळी लिहिता. आजवरच्या प्रदर्शनांत प्रथम मांडल्या गेलेल्या वस्तूंपैकी आपली सर्वांत आवडती वस्तू कोणती आणि ती का आवडते?

उत्तर : आपल्याला बहुधा एखाद्या घडी होणाऱ्या पडद्याचे किंवा बोलणाऱ्या यंत्राचे नाव अपेक्षित असेल, परंतु माझी पसंती पेन ड्राइव्हला आहे. जर्मनीतील हॅनोव्हर येथे २०१८ पर्यंत भरत असलेल्या सेबिट या संगणक प्रदर्शनात सिंगापूरच्या ट्रेक या कंपनीने २००० साली ‘थंबड्राइव्ह’ नावाचा पेन ड्राइव्ह मांडला. त्या वर्षी बाजारात आलेल्या अशा ड्राइव्हमध्ये ८ मेगाबाइट मजकूर मावत असे, म्हणजे १.४४ मेगाबाइटच्या साडेपाच फ्लॉप्यांचा (त्या काळच्या चपट्या चौकोनी डिस्कचा) ऐवज. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण ज्यांनी फ्लॉपी वापरली आहे त्यांना तिची धातूची झडप, आत सरकवल्यावर होणारी घरघर आणि नेमक्या घाईच्या दिवशी ‘डिस्क वाचता येत नाही’ अशी येणारी सूचना आठवत असेल. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने अडकून राहते आणि वीज काढून घेतली तरी टिकते.

माझ्या आवडीचे खरे कारण मात्र वेगळे आहे. यूएसबीचे, म्हणजे संगणकाला उपकरणे जोडण्याच्या सामाईक पद्धतीचे, पहिले मानक १९९६ साली ठरले होते, त्यामुळे हा ड्राइव्ह आला तेव्हा त्याचे टोक घालण्याची जागा अनेक संगणकांवर आधीच तयार होती. याउलट माउसची गोष्ट पाहा. अमेरिकी संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक देऊन माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि पडद्यावरून समोरासमोर संभाषण हे सारे एकाच बैठकीत दाखवले. तरीही माउस सर्वसामान्यांच्या टेबलावर पोहोचू लागला तो १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश संगणक आल्यानंतर, कारण तोपर्यंत त्याला साजेसा, खिशाला परवडणारा चित्रमय पडद्याचा संगणकच नव्हता. म्हणून एखादी नवी वस्तू पाहताना मी आधी हे पाहतो की, तिला लागणारे बाकीचे सारे आपल्याकडे आज आहे की तेही पुढे कधीतरी घ्यावे लागणार आहे.

प्रश्न : प्रदर्शनात एक सॉफ्टवेअर इतके सफाईदार चालताना पाहिले की, घरी येताच ते विकत घेतले. आता ते पावलोपावली अडते. ही फसवणूक म्हणावी काय?

उत्तर : फसवणूक हा शब्द मी लगेच वापरणार नाही, मात्र आपण पाहिले ते सॉफ्टवेअर नव्हते, तर त्याची तालीम केलेली वाट होती. २००७ च्या जानेवारीत मॅकवर्ल्ड या प्रदर्शनाच्या व्यासपीठावर पहिला आयफोन दाखवला गेला, तेव्हा तो इतका अस्थिर होता की, कोणती क्रिया कोणत्या क्रमाने करायची हे आधी ठरवून घ्यावे लागले होते. क्रम बदलला तर फोन बंद पडण्याची भीती होती, असे तो घडवणाऱ्या अभियंत्यांनीच पुढे सांगितले. व्यासपीठावर ते काहीच जाणवले नाही आणि जूनअखेरीस विक्रीला आलेला फोन व्यवस्थित चालला, हेही नमूद केले पाहिजे. सर्वांचेच नशीब असे नसते. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथील कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडला गेला आणि भल्या मोठ्या पडद्यावर संगणक बंद पडल्याची ती कुप्रसिद्ध निळी पाटी झळकली. मला तो प्रसंग प्रामाणिक वाटतो, कारण घरी नेमके असेच होते : कोणीतरी एक तार जोडतो आणि सारे थांबते.

म्हणून दालनात जाताना आपलीच एखादी फाइल सोबत न्यावी, आणि तीही नीटनेटकी नव्हे तर रोजच्या वापरातली, अवघडातली अवघड. एका दालनात हस्ताक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर मांडले होते. तेथील मुलगा टपोऱ्या अक्षरांचे छापील वाटावेत असे कागद एकामागून एक ठेवी आणि पडद्यावर बिनचूक मजकूर उमटे. मी खिशातली टिपणवही उघडून पुढे केली. सॉफ्टवेअरने माझ्या खाडाखोडीच्या रेघा अक्षरे समजून वाचल्या आणि एका तारखेची थेट रक्कम करून टाकली. मुलगा मनापासून हसला आणि म्हणाला, “पेन जाड हवं होतं.” त्याचे म्हणणे खरेही असेल, पण मला माझे पेन बदलायचे नव्हते.

जमल्यास आणखी एक विनंती करावी : काही क्षण इंटरनेट बंद करून दाखवायला सांगावे. काम संगणकावर होते की दूरच्या सर्व्हरवर, हे तेवढ्याने कळते, आणि आपली फाइल कोठे जाते याचाही उलगडा होतो.

प्रश्न : जाहीर झालेल्या नव्या मॉडेलसाठी जुन्याची खरेदी लांबवावी काय?

उत्तर : गरज आज असेल तर लांबवू नये. विंडोजची घोषणा नोव्हेंबर १९८३ मध्ये झाली आणि ती बाजारात आली नोव्हेंबर १९८५ मध्ये. काचेआड ठेवलेले, हात लावू न देणारे यंत्र हे बहुधा नमुना असते; ‘आज पैसे दिले तर कधी मिळेल’ या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर ते यंत्र आपल्या हिशेबात धरूच नये.

प्रश्न : ‘सहज नेता येण्याजोगा’ असे लिहिलेला संगणक घ्यावा काय?

उत्तर : १९८१ साली वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये मांडलेला ऑसबॉर्न १ हा संगणकही असाच म्हणवला जात असे. त्याला मूठ होती, पडदा पाच इंचांचा होता आणि वजन सुमारे ११ किलो होते. दालनात यंत्र हातात घेऊन पाहावे, आणि ते चार्जर व त्याच्या तारेसह घ्यावे, कारण पाटीवर लिहिलेल्या वजनात या दोहोंची गणना सहसा नसते.