सीताअशोक लावताय? आधी हे वाचा

रोप घेताना नीट पारखा. कुंपणालगत सरळसोट वाढणारा, लहरी कडांच्या पानांचा तो खोटा अशोक. सीताअशोक बुटका, डेरेदार. कोवळी पालवी तांबूस, लोंबती, आणि केशरी-लाल फुलांचे झुबके फांद्यांवरच येतात.

याची साल अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते, अशोकारिष्ट हे आयुर्वेदिक औषधही तिचंच. त्यासाठी खोडं इतकी सोलली गेली, जंगलंही तुटली, की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत हा ‘असुरक्षित’ वर्गात आहे. जंगलातली साल कृपा करून घेऊ नका. बाजारात तिच्यात खोट्या अशोकाची सालही मिसळतात.

बी पावसाच्या तोंडाशी ताजंच पेरा. साठवलं तर उगवणक्षमता लवकर जाते. रोपाला सुरुवातीची वर्षं सावली आणि ओल हवीच. हा मुळात सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा, भर उन्हात पानं करपतात.