बागेतले प्रश्न : क्रोकसला पानं आली, फुलं कुठं?

प्रश्न : ऑनलाइन मागवलेले क्रोकसचे कंद नोव्हेंबरमध्ये बाल्कनीतल्या कुंडीत लावले. गवतासारखी पानं आली, फूल एकही नाही. कंद खराब होते का? (घोडबंदर रोड, ठाणे)

कंद बहुधा चांगले होते, थंडी कमी पडली. क्रोकस हे आयरिसच्या कुळातलं. त्याच्या रानटी जाती आल्प्ससारख्या डोंगरांत बर्फ वितळताच उमलतात. बारा-चौदा आठवडे ४ ते ७ अंशांत काढल्याशिवाय कळी वर येत नाही. ठाण्याची डिसेंबरची रात्र यापुढे ऊबदारच!

यंदा सप्टेंबरअखेर लावा. घेर ७ सेंमीहून कमी असलेले कंद घेऊ नका, त्यांना नुसती पानंच येतात. १२ सेंमीच्या कुंडीत पाच-सहा कंद, टोक वर, ४-५ सेंमी खोल. मातीत एक तृतीयांश जाड वाळू हवी. एकदाच पाणी द्या, निथळू द्या आणि भोकं पाडलेल्या पिशवीत घालून कुंडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नव्हे. माती हाताला जेमतेम ओलसर लागावी. चिखल झाला की कंद कुजतात.

त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळी आतच करपते. वेळापत्रक पाळूनही फूल न येण्याचं हे नेहमीचं कारण, आणि संशय मात्र खतावर जातो.

डिसेंबरअखेर पांढुरके कोंब दिसले की कुंडी बाहेर काढा. आठवडाभर घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, मग सकाळचं ऊन. दुपारचं ऊन लागलं तर फूल दोन दिवसांत मान टाकतं. पुढच्या वर्षी तेच कंद इथं पुन्हा फुलतील ही आशा ठेवू नका.

प्रश्न : येऊरला पहिल्या पावसानंतर जमिनीलगत सहा पाकळ्यांची पिवळी फुलं दिसली. हा रानक्रोकस का? (ऐरोली)

नाही, वर्णनावरून ती काळी मुसळी वाटते. फसायला होतं खरं, कारण दोन्हींचा बीजकोश मातीखाली असतो आणि देठ वाटते ती फुलाचीच नळी. पुंकेसर मोजा : आयरिस कुळात तीन, काळ्या मुसळीत सहा. शिवाय मुसळीची पानं चुणीदार असतात, पाकळ्यांच्या पाठीवर लव असते. क्रोकसच्या अरुंद पानावर मधोमध पांढरी रेघ दिसते. फोटो काढा, उपटू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

प्रश्न : मग केशराचे कंदही फ्रिजमध्येच ठेवायचे ना? (वाशी)

मुळीच नाही. केशरही क्रोकसच, पण त्याची कळी उन्हाळ्यात, २३ ते २७ अंशांत, कोरड्या कंदातच तयार होते आणि साधारण १७ अंशांत वर येते. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवलात तर कळी धरणारच नाही. आपल्याकडे नेमकं ऑक्टोबरचं ऊन आडवं येतं, म्हणून तेव्हा दिवसरात्र एसी चालणारी खोली लागते. चिमूटभर केशरासाठी तेवढं वीजबिल परवडणार असेल तरच या फंदात पडा.